पंचनाम्यात न आलेलं पाणी

शीतलचा मेसेज आला तेव्हा मी नांदेडला कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एका आजोबांचं वारसाचं शपथपत्र टाइप करत होतो. मेसेज एवढाच: ‘स्टाफ धरायला माणूस नाही. दोन दिवस येतो का?’ दीड वर्षानंतर. कसा आहेस नाही, काय करतोस नाही. मी लगेच ‘येतो’ लिहिलं. मग वाटलं, फारच लगेच लिहिलं. पुसायला गेलो तर तिनं वाचलं होतं. त्या गडबडीत आजोबांच्या बायकोच्या नावाच्या जागी मी ‘शीतल’ टाइप केलं. आजोबांनी चष्मा वर करून विचारलं, "ही कोन बाबा?"

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझी गाडी आणि माझं डोकं दोन्ही माहीत आहेत. दोन्ही लवकर तापतात. नव्यांसाठी सांगतो: स्टाफ म्हणजे जमीन मोजायची उंच पट्टी, तिच्यावर आकडे असतात. एक जण तिपाईवरच्या दुर्बिणीतून बघतो, दुसरा लांब पट्टी धरून उभा राहतो, आणि कुठली जागा किती उंच, किती खोल ते कळतं. सिव्हिल इंजिनिअरिंगला आमचा गट एकच होता. शीतल राठोड दुर्बिणीपाशी, मी पट्टीपाशी. तिसऱ्या वर्षी मी सरांच्या टेबलावर माझीच ड्रॉइंग शीट फाडली आणि कॉलेज सोडलं. ती शिकली, पास झाली, एका खासगी मोजणी एजन्सीत लागली. आमचे बाबा कोर्टात लिपिक, आजोबांपासून घरात मंदिराची पूजा. तांड्यातली मुलगी म्हटल्यावर आईनं माझ्याशी बोलणंच टाकलं. शीतलच्या कानावर ते गेलं आणि तिनं मला सोडलं. किंवा मी कॉलेज सोडलं म्हणून सोडलं असेल. कारण तिनं सांगितलं नाही आणि मी अजून शोधतोय.

सकाळी साडेसहाला निघालो. अर्धापूर मागं पडलं की दोन्ही अंगांनी केळी सुरू होतात, हवा ओलसर लागते. डोंगरकड्याला थांबाच. फाट्यावरचा चहा गोड आहे, भजी ताजी मिळतात, आणि गावची सगळी भांडणं फुकट ऐकायला मिळतात. माझ्या शेजारी दोघं शिवरस्त्याबद्दल बोलत होते.

"रस्ता वर उचलला, खाली नळ्या टाकल्या बोटभर. पानी जाईल कुठून?"

"माझ्या वावरातून जाऊन राहिलं की. रस्ता कोरडा ऱ्हायला पायजे ना, केळी काय, आडवी पडली तरी घड लागतात!"

"लागले का?"

"लागतात का आडव्याला!"

डोंगरकड्यानंतर आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली. रमतगमत गेलात तरी दोन-अडीच तास. दिवाळीच्या आगेमागे या. सोयाबीन निघालेलं असतं, रानं मोकळी, आणि मधेमधे हळद कमरेएवढी, इतकी हिरवी की तिच्याकडं बघत गाडी चालवणं धोक्याचं. मी हिंगोलीत बसस्टँडजवळ लॉज घेतला. पाचशे रुपये, गरम पाणी बादलीनं, आरसा फुटका. त्या आरशात मी तीनदा भांग पाडला. मग शीतलचा मेसेज: ‘उद्या सकाळी सातला पुसेगाव फाटा.’ म्हणजे अख्खा दिवस रिकामा. माझ्यासारख्याला रिकामा दिवस देऊ नये.

कयाधूच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. नदीत पाण्याच्या दोन-चार बारक्या धारा, बाकी गोटे. तरी काठच्या बाभळींत गवताचे पुंजके अडकलेले दिसतात, ते बघा म्हणजे नदीची खरी रुंदी कळेल. नियोजनाच्या नकाशात नदीला दोन रेषा असतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणारं पाणी जिथवर पोचेल ती निळी, शंभर वर्षांतून एकदाचं पोचेल ती लाल. निळीच्या आत घर बांधायचं नाही. एवढं मी कॉलेज सोडायच्या आत शिकलो होतो. माझा राग असा की या रेषा जुन्या पावसावरून काढलेल्या. आता चार दिवसांचा पाऊस एका दुपारी पडतो. त्याला कुणी सांगायचं की बाबा, पंचवीस वर्षं थांब? आणि दुसरं म्हणजे, रेषा मिळते ती नदीला. ओढ्याला कोण विचारतं? अकरा महिने कोरडा असतो, नकाशात केसाएवढा दिसतो, कधी दिसतही नाही. आणि आमच्याकडं घरात शिरतं ते पाणी बहुतेक वेळा ओढ्याचंच. तिथं पुलावर एकटाच हे मोठ्यानं बोललो. एक बाई म्हशी घेऊन चालल्या होत्या, त्यांनी म्हशी पलीकडच्या बाजूनं घेतल्या.

मग वाशीम रोडनं कनेरगाव नाक्याला गेलो, पैनगंगेपर्यंत. काम काही नव्हतं. नाक्यावर ढाबे आहेत, शेवभाजी आणि ज्वारीची भाकरी घ्या, ठेचा जपून. ढाब्याच्या मालकांना विचारलं, "औंदा पाणी आलं होतं का हिकडं?"

"औंदा न्हाई. त्या साली आलतं. ह्या चुलीत मासा सापडला."

"खरं?"

"खोटं काहून बोलू? त्याच चुलीत भाजला." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, "जेवा ना तुमी. भाकरी चिवडून राहिले नुसती. पोरीचं हाय का काही?"

दुसऱ्या दिवशी सातला फाट्यावर होतो. खरं सांगायचं तर सव्वासहालाच. शीतल स्कूटीवर आली, तिपाई पायाशी आडवी, दुर्बिणीची पेटी मांडीवर, ओढणी डोक्याला घट्ट. मी रात्रभर जुळवलेलं वाक्य विसरलो.

"बारीक झालीस," मी म्हणालो.

"पट्टी घे. ऊन व्हायच्या आत ओढा उरकायचाय."

पुसेगावच्या पुढं तिचा तांडा. तांड्याचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदललीत, तिनं सांगितलंय. चाळीसेक घरं ओढ्याच्या काठानं, सरकारी गायरानावर. या लोकांना आता पक्की घरकुलं मिळणार आहेत आणि ती कुठं बांधायची याचा आराखडा शीतलच्या एजन्सीकडं आलाय. तिनं तो मुद्दाम मागून घेतला. जागा दोन आहेत. एक ओढा आणि रस्ता यांच्यामधली खालची सपाट जमीन: रस्त्याला लागून, बोअर तिथंच. दुसरी मागचा माळ: मुरूम, दहा मिनिटं चढण, पाण्याची पाइपलाइन ओढावी लागेल, शाळा लांब. लोकांना खालची हवी आहे. कुणालाही तीच हवी असेल. फक्त दोन पावसाळ्यांमागं त्या खालच्या जमिनीवर पुरुषभर पाणी होतं.

"मग लाव की नकाशात रेषा," मी म्हणालो.

"तालुक्याचे साहेब म्हणतात ओढ्याला पूररेषा नसती. पाणी आल्याचा कागद आण."

"पंचनामा असेल ना त्या वेळचा."

तिनं मोबाइल पुढं केला. पंचनाम्याचा फोटो. रोज कागद टाइप करणारा माणूस मी, दोन मिनिटांत वाचला. चाळीस घरांपुढं एकच मजकूर: अतिवृष्टीमुळे छत गळून भिंती पडल्या. ओढ्याचं नाव नाही, पुराचं नाव नाही. खाली पंचांच्या सह्या. तिसरी सही थावरा राठोड. शीतलचे बाबा.

"असं काहून?"

"गायरानावरची घरं, विन्या. ओढ्याचं पाणी घरात आलं म्हणून लिहिलं असतं तर उद्या नोटीस आली असती. ओढ्यात राहता, उठा. मग सगळ्यांनी बसून ठरवलं. पाणी वरून आलं, खालून न्हाई."

आता रस्ता एकच होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी दहाला ग्रामसभा होती, जागेचा ठराव तिथं व्हायचा होता. त्यात कुणीतरी उठून सांगायला हवं की पाणी ओढ्याचं होतं आणि अमुक ठिकाणापर्यंत होतं. सभेच्या कामकाजात ते आलं की शीतलला हवा तो कागद मिळतो, रेषा नकाशात बसते आणि घरं माळावर जातात. कुणी बोललं नाही, तर चाळीस कुटुंबं शासनाच्या शिक्क्यानं ओढ्याच्या तोंडात.

आम्ही मोजायला लागलो. ती दुर्बिणीत वाकली, मी पट्टी धरून शंभर पावलांवर. कॉलेजात मला हे फार आवडायचं, कारण त्या दुर्बिणीतून सगळं जवळ दिसतं, आणि ती माझ्याकडं बघतेय असं समजायला हरकत नसायची. खरं तर तिला माझ्या कानाशेजारचे आकडे दिसायचे. आताही तेच. डावा हात उचलून ती मला सरळ हो म्हणून खुणावत होती, आणि मी अर्धा मिनिट मुद्दाम वाकडा राहिलो, तिचा हात तसाच हवेत राहावा म्हणून.

"विन्या, सरळ धर ना! रीडिंग हलून राहिलं."

शीतलचे बाबा, थावरूकाका, आले ते ओढ्याच्या काठानं. उंच, सावकाश चालणारे, बोलायच्या आधी थांबणारे. मला त्यांनी एका जुन्या बाभळीखाली नेलं. वरच्या फांदीत कापडाचा गोळा अडकला होता, उन्हानं पांढरा पडलेला.

"वाकळ हाय आमची," ते म्हणाले. "घरातून गेली, हितं अडकली. काठीनं काढली असती. पर म्हटलं ऱ्हाऊ दे, मापाला व्हईल."

मी फांदीला पट्टी टेकवली. हात पूर्ण वर केला तरी मी वाकळेला पोचत नव्हतो. शीतलनं आकडा वाचला, लिहिला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"आमचे आजे बैलावर मीठ वाहायचे," काका म्हणाले. "तांडा टाकायच्या आधी झाडाला काय लटकलंय ते बघायचे. झाडात काडीकचरा दिसला की म्होरं चला. आमी बैल सोडले, वर बघायचंबी सोडलं."

"पाऊस पण बदललाय काका."

"व्हय. पयले सांगून यायचा." मग शीतलकडं न बघता म्हणाले, "सही म्या केली. उद्या म्याच सांगतो."

शीतलनं वही मिटली. इतकी हलकी झालेली मी तिला कधीच पाहिली नव्हती. दुपारी त्यांच्या घरी जेवलो. तिच्या आईला, तिथं सगळे याडी म्हणतात, माझी फार काळजी.

"पुजाऱ्याचं लेकरू ना रे तू? आमच्या हातचं चालतं का?"

"चालतं याडी."

"मंग एवढुसं काहून खाऊन राहिला? घाबरला का तिखटाला?"

तुरीचं वरण, भाकरी, कांद्याची पात, आणि तिखट खरंच होतं. डोळ्यांतून पाणी आलं, शीतल हसली. एकदाच. पण मला वाटलं, आता सगळं होईल. ठराव होईल, घरं माळावर जातील, आई बोलायला लागेल, मी कॉलेजचा फॉर्म परत भरेन. हिंगोलीपर्यंतचे वीस किलोमीटर मी गाणी म्हणत गेलो.

तिसऱ्या दिवशी तांड्याच्या मंदिरासमोर ग्रामसभा. पांढरा झेंडा, सतरंज्या, मागं बायका. ग्रामसेवकांनी विषय वाचला. शीतलनं नकाशा भिंतीला लावला, दोन्ही जागा दाखवल्या. माळाचं नाव निघताच किसन नावाचा एक जण ओरडला, "माळावर काय बकऱ्या बांधायच्या का ताई?" हशा झाला. तिनं सगळ्यांना हसू दिलं आणि मग विचारलं, "त्या साली पाणी कुठवर आलतं, कोणी सांगता का?"

थावरूकाका उठले. पटका सारखा केला. "त्या साली," ते म्हणाले, "म्या..." आणि थांबले.

"भाऊ, बसा की," कुणीतरी म्हणालं. "जुनं काहून काढता?"

काका बसले नाहीत. उभेच राहिले, जमिनीकडं बघत, ओठ हलत होते. मी मागं पट्टी धरून उभा होतो. पाच श्वास गेले असतील, सहा गेले असतील. मला ते सहन होईना. शीतलच्या मानेवर घाम दिसत होता. आणि माझं डोकं गेलं.

"बोला की काका!" मी ओरडलो. "सांगा, खोटं लिहून दिलं म्हणून! सगळ्यांनी खोट्या पंचनाम्याला माना डोलवल्या, आता त्याच खोट्यावर लेकरं घेऊन झोपणार का?"

ग्रामसेवकांचं पेन थांबलं. "खोटा पंचनामा म्हणाले का आपण? आपण कोण?"

मला तेव्हा कळलं. सभेत सरकारचा माणूस बसला होता, त्याच्यासमोर मी चाळीस घरांना खोटारडं ठरवलं होतं आणि खोट्यावर सही करणारा माणूस बोटानं दाखवून दिला होता. किसनही हसायचा थांबला. काकांनी ग्रामसेवकांकडं बघितलं, मग सतरंजीवर बसलेल्यांकडं, मग माझ्याकडं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"पानी वरून आलतं," ते म्हणाले आणि बसले.

खालच्या जागेचा ठराव हात वर करून मंजूर झाला. काकांचाही हात वर होता.

शीतलनं नकाशा गुंडाळला. मी तिच्यामागं स्कूटीपर्यंत गेलो.

"खरं तेच बोललो ना मी?"

"ते शब्द शोधून राहिले होते विन्या. कोणालाबी खोटं न पाडता कसं सांगायचं, त्याचे शब्द." तिचा आवाज चढला नव्हता. "काल संध्याकाळी मला तीनदा म्हणून दाखवलं त्यांनी. ‘पानी वरूनबी आलतं, खालूनबी आलतं. घाईत वरचंच लिवलं गेलं.’ एवढंच. दोन वर्षांत पहिल्यांदा. पोचलेच होते ते."

"मला वाटलं त्यांना जमेना..."

"तुला पट्टी धरायला बोलवलं होतं."

तिनं माझ्या हातातून पट्टी घेतली, एकात एक ढकलून लहान केली, पायाशी ठेवली आणि गेली. येताना मी कुठं थांबलो नाही, त्यामुळं परतीच्या रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कळमनुरीपाशी थोडे खड्डे आहेत.

घरी येऊन पहिले दोन दिवस मी नियोजनावर, कायद्यावर, साहेबांवर चिडलो. मग चिडायला कुणी उरलं नाही. कयाधूच्या पुलावर मी जे बडबडलो त्यातलं काही चूक नाही, आजही तेच म्हणेन: ओढ्यांनाही रेषा द्या, नवा पाऊस हिशोबात घ्या, लोक सांगतात त्या खुणा मोजा. पण माझ्याकडून एक गोष्ट सुटली होती, आणि नकाशे करणाऱ्यांकडूनही सुटत असावी. ‘माझ्या घरात पाणी आलं’ एवढं सांगितल्यावर माणसाचं घरच जाणार असेल, तर तो कशाला सांगेल? मग कागदावर सगळीकडं कोरडंच राहणार. आधी त्याला कागदावर लिहून द्या, की तू खरं सांग, दुसरी जागा मिळाल्याशिवाय तुला कुणी उठवणार नाही. रेषा त्यानंतर काढा. आणि तो सांगायला उभा राहिला की त्याला वेळ द्या. हे शेवटचं धोरणात कुठं लिहितात, मला माहीत नाही.

बाकी मोबाइल उलटा ठेवून झोपतो. उलटा ठेवला तरी तो वाजला नाही हे कळतंच. आई परवा म्हणाली, "जेवून घे." दीड वर्षांतलं तिचं पहिलं वाक्य, आणि मला ते शीतलला सांगता आलं नाही.

नवव्या दिवशी मेसेज आला. एक फोटो. रेघी कागद, बॉलपेन, अक्षर मोठं आणि तिरकं. सेनगावला, तालुक्याच्या कचेरीत दिलेला हरकतीचा अर्ज. त्यात पंचनाम्याचा शब्द नाही, कुणाचं नाव नाही, कुणावर आरोप नाही. आमच्या घरातली एक वाकळ ओढ्याच्या पाण्यानं वाहून बाभळीत अडकलेली आहे, साहेबांनी स्वतः येऊन बघावी, आणि मग घरं कुठं बांधायची ते ठरवावं, एवढंच. खाली थावरूकाकांची सही, याडीचा अंगठा आणि आणखी सहा जणांच्या सह्या. शेवटची किसनची.

फोटोखाली शीतलनं लिहिलं होतं: ‘गुरुवारी अकराला सेनगावला सुनावणी. बाबा बोलणार. तू येऊ नको.’

मी खूप लिहिलं, सगळं पुसलं, आणि ‘बरं’ पाठवलं.

सेनगाव इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर असेल. पहाटे निघालं तर नऊपर्यंत पोचता येतं, हळद अजून उभी आहे, रस्ता मला पाठ झालाय. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर जरूर जा. मी गुरुवारी दुकानात असेन. अकरा वाजता थावरूकाका उभे राहतील, पटका सारखा करतील, आणि ते कितीही वेळ गप्प राहिले तरी मध्ये कुणी बोलणार नाही.